भरीव आणि पोकळ

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू वैतागून विचारलंस, "रुदरफोर्डला सोन्याचाच पत्रा कशाला लागला?" दुकानात गिऱ्हाईक होतं, मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. आज दुकान बंद आहे. माझी बी.एस्सी. तशीच गंजत पडली आहे, तिलाही जरा घासूनपुसून घेतो.

अणूच्या आत काय आहे ते बघायला सोन्याच्या पत्र्यावर अल्फा कण, म्हणजे किरणोत्सारी पदार्थातून सुटणारे धन प्रभाराचे वेगवान कण, मारले तो प्रयोग. उत्तर आपल्या सोनारकीच्या धंद्यातच आहे. सोन्याइतकं पातळ ठोकता येईल असं दुसरं काही नाही, ते न फाटता पसरत जातं. मँचेस्टरच्या त्या प्रयोगशाळेतला पत्रा होता मिलिमीटरचा अडीच हजारावा भाग. पत्रा कसला, वर्खच! जाड असता तर अल्फा कण आतच अडकून बसले असते. शिवाय सोन्याचा अणू जड. अॅल्युमिनियमही त्यांनी लावून पाहिलं होतं, पण त्यावरून फारच थोडे कण उलटे येत.

तुझ्या पुस्तकात हा प्रयोग रुदरफोर्डच्या नावावर आहे. पण 1909 साली अंधाऱ्या खोलीत डोळे फोडून घेतले ते गायगर आणि मार्सडेन यांनी. मार्सडेन तेव्हा 20 वर्षांचा, पदवीही हातात नव्हती. आधी डोळे अंधाराला सरावेपर्यंत बसून राहायचं, मग सूक्ष्मदर्शकातून झिंक सल्फाइडच्या पडद्यावर उठणारे ठिपके मोजायचे. एक कण आदळला की एक लुकलुक. पोराला काहीतरी काम द्यायचं म्हणून रुदरफोर्डने सांगितलं, बघ एखादा कण मोठ्या कोनातून वळतो का. वळेल असं त्याला स्वतःला वाटत नव्हतं. आणि साधारण वीस हजारांत एक कण पार काटकोनात वळला! कागदावर मारलेला तोफगोळा उलटा यावा, तसंच हे, ही रुदरफोर्डची उपमा तुझ्या सरांनी सांगितलीच असेल. मला त्यापुढचं जास्त आवडतं. या एका कणाचा अर्थ लावायला रुदरफोर्डसारख्या माणसाला 1911 उजाडलं.

का, ते सांगतो. त्याचे गुरू थॉमसन. 1897 साली इलेक्ट्रॉन शोधला तो त्यांनीच. अणू म्हणजे धन प्रभाराचा गोळा आणि त्यात रुतलेले इलेक्ट्रॉन, हे प्रारूपही त्यांचंच. आपल्या भाषेत रव्याचा लाडू आणि बेदाणे. लाडवावर मारलेला खडा उलटा येत नाही, इथे तर कण उलटे येत होते. म्हणजे आत कुठेतरी सगळा धन प्रभार एका जागी गच्च दाबून बसलेला असणार. तेच केंद्रक. सोन्याच्या अणूचं केंद्रक हरभऱ्याच्या दाण्याएवढं धरलं, तर अख्खा अणू क्रिकेटच्या मैदानाएवढा होईल. मैदानाच्या मधोमध एक हरभरा, बाकी 79 इलेक्ट्रॉन सोडले तर काही नाही.

आता माझी पंचाईत बघ. गिऱ्हाईक पाटली हातात घेतं आणि आधी विचारतं, "भरीव आहे ना?" तीस वर्षं मी "एकदम भरीव" म्हणत आलोय. या हिशेबाने तर भरीव दागिना जगात कुणी घडवलेलाच नाही. पण वजनात फसवणूक नाही हं. अणूचं 99.9 टक्क्यांहून जास्त वजन त्या दाण्यातच असतं. म्हणजे गिऱ्हाईक पैसे मोजतं ते केंद्रकांचे. पिवळा रंग आणि झळाळी बाहेरच्या इलेक्ट्रॉनांमुळे, ती फुकट.

वजनावरून डाल्टन आठवला. तोही मँचेस्टरचाच, रुदरफोर्डच्या शंभर वर्षं आधीचा, शाळामास्तर. अप्पा नेहमी म्हणतात की कणादांनी परमाणू फार पूर्वी सांगितला. सांगितला, खरंच आहे, पण त्याचं वजन सांगितलं नव्हतं. डाल्टनने तराजू पुढे ओढला. हायड्रोजनचा अणू 1 धरून त्याने 1808 मध्ये बाकीच्यांची वजनं छापली. त्यात सोनं 140! आज आपण 197 म्हणतो. एवढा फरक आपल्या काट्यात निघाला असता तर दुकानाला कुलूपच. तरी मी त्याला नापास करणार नाही. आकडा चुकला, पण मोजायचं काय ते बरोबर कळलं होतं.

पुढचं भराभर सांगतो. इलेक्ट्रॉन केंद्रकाभोवती फिरतात तर ऊर्जा गमावून आत का कोसळत नाहीत, यावर बोरने 1913 मध्ये ठरावीक कक्षांचा तोडगा काढला. हा बोरही रुदरफोर्डच्या हाताखाली राहून गेलेला. हिशेब मात्र अजून जुळत नव्हता. केंद्रकातले धन प्रभाराचे कण, म्हणजे प्रोटॉन, 79 आणि वजन 197, मग वरचे 118 कुणाच्या खात्यावर? ते 1932 साली चॅडविकने प्रभार नसलेल्या न्यूट्रॉनच्या खात्यावर टाकले.

मुशीत मी सोनं कितीही आटवलं तरी ते 79 प्रोटॉनांचे 78 होत नाहीत. भट्टीची आच केंद्रकापर्यंत पोचतच नाही, ॲसिडही बाहेरच्या इलेक्ट्रॉनांशीच झोंबतं. परीस शोधणारे कितीतरी जण या वेशीबाहेरच अडकले.

दिवाळीला येशील तेव्हा सोन्याचा वर्ख आणून ठेवतो. खिडकीच्या उजेडासमोर धरून बघ, पलीकडचा उजेड हिरवट दिसतो. आणि लगेच "पोकळ आहे म्हणून" असं म्हणू नकोस, कारण वेगळं आहे. आधी तू विचार कर, मग बोलू. आईने चिवड्याचा डबा पाठवलाय, खोलीतल्या मुलींनाही दे.

तुझे,
बाबा