पोलिओ नाही, मग आहे तरी काय?

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रातून निवृत्त झालेली आरोग्यसेविका. नोकरीची बहुतेक वर्षं खांद्याला व्हॅक्सिन कॅरियर, म्हणजे लशी थंड ठेवायचा डबा, अडकवलेला असायचा. त्यातून लशी गावात गेल्या आणि कधीमधी लेकरांच्या शीचे नमुने गावाबाहेर गेले. त्या नमुन्यांविषयीच लिहिते आहे.

पंधरा वर्षांखालचं लेकरू अचानक लुळं पडलं की पोलिओची शंका धरून शीचे दोन नमुने घ्यायचे असतात. लुळेपणा आल्यापासून १४ दिवसांच्या आत, दोन्हींमध्ये किमान २४ तासांचं अंतर ठेवून. अंगठ्याच्या पेराएवढी शी डबीत, डबी बर्फाच्या पॅकमध्ये, आणि मुंबईच्या लॅबपर्यंत थंडावा तुटू द्यायचा नाही. एका जुलैत नाला भरून वाहत होता, तेव्हा कॅरियर डोक्यावर धरून मी पलीकडे गेले. लेकरू चार वर्षांचं, डावा पाय टेकवत नव्हतं. त्याची आई निंदणाची मजुरी बुडवून दोन दिवस घरी थांबली होती, त्या दोन डब्यांसाठी.

काही आठवड्यांनी रिपोर्ट आला. पोलिओ नाही, दुसरा एंटेरोव्हायरस आढळला. केस बंद. मी धावतच सांगायला गेले. ती म्हणाली, ‘‘पोलिओ नाही थे बरं झालं बाई. मंग माह्या लेकराले हाय तरी काय?’’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. वर विचारलं, तिथेही नव्हतं.

साहेब, पोलिओचा विषाणू हा एंटेरोव्हायरसांच्या मोठ्या गोतावळ्यातला एक. हे विषाणू आतड्यात वाढतात, शीतून आठवडेच्या आठवडे बाहेर पडतात आणि हातातून, पाण्यातून दुसऱ्या लेकराच्या तोंडात जातात. बहुतेकांना थोडा ताप येऊन जातो. पण यांतला कॉक्ससॅकी बी हा प्रकार हृदयाच्या स्नायूला सूज आणू शकतो, एंटेरोव्हायरस ए७१ हा प्रकार मेंदूपर्यंत पोचू शकतो. २००६ साली उत्तर प्रदेशातल्या मेंदूज्वराच्या रुग्णांचे नमुने पुण्याच्या शास्त्रज्ञांनी तपासले, तेव्हा त्यांतही एंटेरोव्हायरस सापडले होते.

आमच्याकडे पावसाळ्यात अंगणवाडीत लेकरांच्या तळहाता-तळपायांवर फोड येतात, तोंडात छाले पडतात, खिचडीचा घास घेतला की लेकरू रडतं. हाही बहुतेकदा याच विषाणूंचा आजार. आया म्हणतात कांजण्या. ओपीडीच्या कागदावर ‘व्हायरल फिव्हर’. एकदा एक आई महिनाभराने कागदाच्या पुडीत काहीतरी घेऊन आली. पुडीत तिच्या मुलीची गळून पडलेली दोन नखं होती. कोणी करणी केली का, असं ती विचारत होती. कॉक्ससॅकी ए६ या प्रकाराची लागण झाल्यावर नखं अशी गळू शकतात आणि पुन्हा येतात, हे मला खूप नंतर कळलं. त्या दिवशी माहीत असतं तर ती रात्रभर जागली नसती. अंगणवाडीत हात धुवायला साबणच हवा हेही तेव्हाच सांगता आलं असतं, कारण अल्कोहोलच्या सॅनिटायझरला हे विषाणू फारशी दाद देत नाहीत.

कॉक्ससॅकी हे अमेरिकेतल्या एका लहान गावाचं नाव. १९४८ साली तिथल्या लुळ्या पडलेल्या मुलांच्या शीत पोलिओ शोधताना हा वेगळाच विषाणू हाती लागला. तो शोधणाऱ्या शास्त्रज्ञांनीही ‘पोलिओ नाही’ म्हणून फाइल मिटली असती तर? आणि लांब कशाला, आपल्या नागपूरकडच्या चांदीपुरा गावाचं नाव १९६५ पासून एका विषाणूला आहे, कारण तापाच्या रुग्णांचं रक्त कोणीतरी नीट तपासलं.

‘नाव कळून काय करणार, औषध तर नाही,’ असं मला ऐकवलं गेलं. ए७१ वर चीनमध्ये लस आहे, पण ती फोड आणणाऱ्या कॉक्ससॅकी ए६ किंवा ए१६ ला रोखत नाही. आपल्या गावांत यांतला कोणता फिरतो हे मोजल्याशिवाय आपल्याला लस हवी की नको, हे कशाच्या आधारावर ठरवणार?

मुंबईत २००१ पासून सांडपाण्यात पोलिओ शोधतात. आमच्या गावांत गटारंच नाहीत. इथे लेकराच्या शीचा नमुना हाच पुरावा, आणि तो पोचवणारी माणसं, कॅरियर, रस्ता सगळं पोलिओने आधीच उभं केलंय. जानेवारी २०११ नंतर देशात नैसर्गिक (लशीतून न आलेल्या) पोलिओचा रुग्ण नाही, म्हणून ही साखळी ढिली पडू देऊ नका. तिला आणखी काम द्या.

ज्या नमुन्यात पोलिओ नसून दुसरा एंटेरोव्हायरस निघतो, त्याचा प्रकार ओळखला जावा. हातापायांवरचे फोड आणि मेंदूज्वर या रुग्णांचे शीचे नमुनेही नागपुरात तपासले जावेत, त्यासाठी किट आणि माणसं द्यावीत. लुळं पडलेल्या काही लेकरांकडे ६० दिवसांनी पुन्हा जाऊन पाहतातच, तशाच भेटीत प्रत्येकाचा रिपोर्ट मराठीत, एका कागदावर आईच्या हातात पडावा.

तो मुलगा आता चालतो, थोडा पाय ओढत. त्याची आई बाजारात भेटते. तिने पुन्हा कधी विचारलं नाही, पण मला तिला सांगायचं आहे.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका
जि. यवतमाळ