क्रीडा पानावर नाव कोणाचे?

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

बेळगावच्या शहापूर-वडगाव परिसरातील क्रिकेट सामन्यांत मी वीसेक वर्षे गुणलेखकाचे काम केले आणि त्या सामन्यांच्या बातम्यांची कात्रणे वहीत चिकटवून ठेवण्याची सवय मला तेव्हापासून लागली. मध्यंतरी एका तरुण खेळाडूने नोकरीच्या अर्जाला जोडण्यासाठी त्यांतील तीन कात्रणांच्या प्रती माझ्याकडून नेल्या. स्पर्धा एकच, मैदान एकच आणि भरवणारे मंडळही एकच. परंतु तीन वर्षांत तीन प्रायोजक झाल्यामुळे तिची नावे तीन छापली गेली होती आणि मंडळाचे नाव एकाही बातमीत नव्हते. या तीन निरनिराळ्या स्पर्धा आहेत का आणि त्या कोणी भरवल्या, असे कागद तपासणाऱ्याने विचारले, तेव्हा त्या मुलाला मंडळाच्या सचिवांकडून पत्र आणून द्यावे लागले. यात मी तपासणाऱ्याला दोष देत नाही. प्रायोजकांनाही देत नाही. त्यांनी पैसे दिले आणि फलकावर नाव लावले. आलेले प्रसिद्धिपत्रक बातमी म्हणून जसेच्या तसे उतरवले गेले, हे मात्र खटकले.

मोठ्या स्पर्धांच्या बाबतीत आपले वार्ताहर तारतम्य दाखवतात, हे मान्य केले पाहिजे. आयपीएल २००८ मध्ये सुरू झाली तेव्हा तिच्या नावाआधी डीएलएफ होते, २०१३ पासून पेप्सी आले, २०१६ पासून विवो, २०२० च्या हंगामापुरते ड्रीम इलेव्हन आणि २०२२ पासून टाटा. तरी बातमीत ती आयपीएलच राहिली. नाव विकत घेणाऱ्याचा हक्क फलकावर, तिकिटावर आणि प्रक्षेपणात चालतो, कारण तसा करार झालेला असतो; त्या करारावर वर्तमानपत्राची सही नसते. शिवाय ‘अधिकृत नाव’ ही वस्तूही वाटते तितकी पक्की नाही. म्युनिकच्या फुटबॉल मैदानाला ॲलियान्झ या विमा कंपनीचे नाव आहे, पण २००६ च्या विश्वचषकात ते नाव बाजूला ठेवले गेले, आणि ओटू या मोबाइल कंपनीचे नाव असलेले लंडनचे ओटू अरिना २०१२ च्या ऑलिंपिकपुरते नॉर्थ ग्रीनिच अरिना झाले, कारण त्या कंपन्यांनी पैसे इमारतीसाठी मोजले होते, स्पर्धेसाठी नव्हे. इतके लांब तरी कशाला जावे? पुण्याजवळच्या मैदानावरचे सहाराचे नाव पैशांच्या वादातून २०१३ मध्ये उतरले. ज्यांनी पहिल्यापासून गावाच्या नावाने ‘गहुंजे’ लिहिले होते त्यांना एक अक्षरही बदलावे लागले नाही.

तरीही प्रायोजकाचे नाव सरसकट गाळावे, असे माझे म्हणणे नाही. कपिल देव यांच्या संघाने १९८३ मध्ये जिंकलेली स्पर्धा प्रुडेन्शियल या विमा कंपनीच्या नावाने प्रुडेन्शियल कप होती आणि माझ्या वयाच्या माणसांच्या तोंडी ते नाव अजून आहे. आज ते खोडणे म्हणजे जुन्या कात्रणांत खाडाखोड करण्यासारखे होईल. १९९६ च्या विश्वचषकाला मात्र विल्स या सिगारेटचे नाव होते आणि शाळेतली पोरे ते दिवसभर घोकत होती, याचा विचार तेव्हा आम्ही कोणीच केला नाही. त्याहून अवघड प्रश्न संघांच्या नावांचा आहे. बेंगळूरच्या आयपीएल संघाचे नाव रॉयल चॅलेंज या व्हिस्कीवरून पडले, आणि मद्याच्या जाहिरातीला बंदी असली तरी संघाला दुसरे नावच नसल्यामुळे ते रोज छापावे लागते. तेथेही मराठी मथळ्याने आपली वाट काढली आहे: ‘बेंगळूरची मुंबईवर मात’ एवढे लिहिले की वाचकाला सगळे समजते.

खरी अडचण स्थानिक बातम्यांत आहे. आपल्याकडे जत्रेतल्या कुस्ती मैदानात प्रमुख कुस्त्यांचे पुरस्कर्ते ठरलेले असतात. हलगीच्या ठेक्यात निवेदक त्यांची नावे पुकारतो, त्यांना आखाड्यात बोलावून फेटा बांधतात आणि त्यांच्याच हस्ते जोड लावली जाते. त्यांना पुरेपूर मान मिळतो, पण मैदान गावाचेच राहते; यळ्ळूरचे मैदान, कंग्राळीचे मैदान असेच लोक म्हणतात. टेनिस बॉल क्रिकेटमध्ये मात्र आमदार चषक, खासदार चषक अशी रीत पडली असून निवडणूक जवळ आली की या चषकांना विशेष बहर येतो. लेले मैदानावर किंवा व्हॅक्सिन डेपोवर पहाटे उठून चुन्याच्या रेषा मारणारी पोरे एका मंडळाची असतात आणि मथळ्यात नाव पुढाऱ्याचे असते; विजेता संघ कोणत्या गावचा हे कळायला चौथ्या परिच्छेदापर्यंत जावे लागते.

बातमीत नाव आले नाही तर देणगीदार पुढच्या वर्षी हात आखडता घेतो आणि सचिवाला कात्रण घेऊनच त्याच्या दारात जावे लागते, हे मी स्वतः पाहिले आहे. म्हणूनच प्रायोजकाचा उल्लेख पहिल्या किंवा दुसऱ्या परिच्छेदात एकदा, पूर्ण नावानिशी अवश्य व्हावा. त्यापुढे मात्र स्पर्धा तिच्या मंडळाच्या आणि मैदानाच्या नावाने ओळखली जावी, आणि मथळ्यात खेळणाऱ्यांना जागा मिळावी.

नावाच्या बाबतीत स्वतःचा निर्णय कसा घ्यावा, हे सीमाभागातील मराठी वर्तमानपत्रांना कोणी शिकवण्याची गरज नाही. १ नोव्हेंबर २०१४ रोजी कर्नाटक सरकारने या शहराचे नाव बदलून ‘बेळगावी’ केले, त्याच वर्षी जुलैमध्ये यळ्ळूरची ‘महाराष्ट्र राज्य’ ही पाटी पोलिसांनी उखडली, आणि तरीही आपल्या अंकावर ‘बेळगाव’ आजतागायत छापले जाते, कारण वाचक तेच म्हणतो. राज्य सरकारच्या आदेशापुढे लेखणी न वाकवणाऱ्या वर्तमानपत्राचे क्रीडा पान एका दुकानदाराच्या किंवा पुढाऱ्याच्या प्रसिद्धिपत्रकापुढे वाकते, याचे मला नवल वाटते.

हा नियम आपण ठरवून एकदा क्रीडा पानावरच छापला, तर आयोजकांनाही प्रसिद्धिपत्रक कसे लिहावे ते कळेल. तोपर्यंत मी माझ्या वहीतील प्रत्येक कात्रणाखाली मंडळाचे आणि मैदानाचे नाव पेनाने लिहीत बसलो आहे. १९९८ पर्यंतची पाने झाली आहेत.

आपला,
एक जुना गुणलेखक,
वडगाव, बेळगाव