बाबा, त्या बाटल्या आणत नाहीये

ॲमस्टरडॅम, रविवार

ती. आई-बाबांना सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "कोळी खाणारे कोळी तिकडे बाटलीत मिळतात ना? येताना दोन बाटल्या आण, माडांवर सोडू." मी "बघू" म्हणून विषय बदलला आणि तुमचा आवाज उतरला. फोनवर धड सांगता आलं नसतं, म्हणून लिहितेय.

मिळतात हे खरं. (हे कोळी म्हणजे घरात जाळं विणणारे नव्हेत, डोळ्यांना जेमतेम दिसणारे माइट.) 1958 साली चिलीहून जर्मनीत आलेल्या ऑर्किडांबरोबर एक परभक्षी कोळी चुकून आला. आज युरोपभरच्या काचघरांत तो काकडीवर सोडतात. पण तो पानांवर जाळी विणणाऱ्या बारीक कोळ्यांवर जगतो. आपला शत्रू, नारळावरचा इरिओफाइड कोळी, बसतो बोंडाच्या टोपीखाली. आमच्या लहानपणी हा रोग नव्हता, असं तुम्ही म्हणता ते बरोबरच आहे. भारतात तो पहिल्यांदा 1998 मध्ये केरळात, एर्नाकुलमला सापडला. त्या टोपीच्या फटीत शिरायला चपटा, लांबट अंगाचा शिकारीच लागतो. निओसियुलस नावाच्या शिकारी कोळ्यांच्या गटात असे काही आहेत आणि मी दिवसभर त्यांचीच लग्नं लावत असते.

आई, हसू नकोस, खरंच लग्नं. ओल्या कापसावर घेवड्याचं पान, त्यावर कुंचल्याच्या एका केसाने एक मादी आणि एक नर सोडायचा. अर्धा मिलिमीटरही नसतात. जोडी तासन् तास चिकटलेली राहते. यांच्यात मीलनाशिवाय मादी अंडीच घालत नाही, नर जन्मायलासुद्धा बापाचं बीज लागतं. गंमत म्हणजे ते बीज कामाला आलं की मुलगा बापाकडची गुणसूत्रं टाकून देतो आणि आईच्या अर्ध्या वाट्यावर जगतो.

तर बाबा, अडचण अशी. ब्राझील, बेनिन आणि घाना या तीन देशांतल्या नारळांवर निओसियुलस पास्पॅलिव्होरस सापडतो. दिसायला तिन्हीकडचे सारखे. पण एकीकडची मादी नि दुसरीकडचा नर एकत्र ठेवले, तर मीलन होतं आणि वंश मात्र पुढे जात नाही. तपासल्यावर पेशींच्या आत राहणारे जिवाणू सापडले. व्होल्बाकिया ब्राझील आणि बेनिनच्यांत आहे, पण दोघांचा वाण एक नाही. घानाच्यांत कार्डिनियम नावाचा दुसराच जिवाणू. नातं तुटण्यात त्यांचा हात आहे का, हे बघायला टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक देऊन जिवाणू घालवायचे आणि जोड्या पुन्हा लावायच्या, असं हे काम.

हा जिवाणू म्हणजे आई, तुझं विरजण. आजीकडून तुझ्याकडे आलं, तुझ्याकडून मी आणणार होते (विमानतळावर टाकावं लागलं, ते अजून सलतंय). तो अंड्यातून, आईकडूनच पुढे जातो. नराकडून जात नाही, म्हणून नर त्याच्या दृष्टीने फुकट. मग तो नराला आपल्या कामाला लावतो: जिवाणूवाल्या नराचं बीज जिवाणू नसलेल्या मादीला लागलं, की अंडी वाया जातात. उलट, जिवाणूवाल्या मादीला त्याच वाणाचा नर चालतो, जिवाणू नसलेलाही चालतो. थोडक्यात एकनाड आहे, फक्त उलटी. आपल्याकडे एक नाड आली की स्थळ मोडतं, इथे नाड जुळली नाही की मोडतं, तेही मुलाकडूनच. सगळ्या जाती इतक्या साध्या वागत नाहीत, पण गाभा हाच.

अमेरिकेच्या पश्चिम भागातला मेटासियुलस ऑक्सिडेंटॅलिस हा शिकारी कोळी या बाबतीत बराच अभ्यासलेला. त्याला पिढ्यान् पिढ्या 33 अंशांवर वाढवलं तर व्होल्बाकिया नाहीसा होतो. 33 म्हणजे आपल्याकडची मे महिन्यातली दुपार! ते वाचलं तेव्हा पहिली आठवण वाडीचीच झाली.

गेल्या महिन्यात माझ्याच हातून एक घोटाळा झाला. दोन डब्यांच्या चिठ्ठ्या अदलाबदल झाल्या. चार दिवस पानांवर पिचकलेली, सुकलेली अंडी दिसत होती. मला वाटलं मोठा शोध लागला. डबे उलटसुलट झालेत हे कळल्यावर रात्री उशिरापर्यंत बसून सगळं पुन्हा लावलं.

म्हणून बाबा, बाटली नको. परक्या देशातला जीव परवानगीशिवाय आणता येत नाही, ते एक. आणि आणला, तरी माडांवर आधीपासून असलेल्यांशी त्याचं जुळेल की तो त्यांचीच अंडी वाया घालवेल, हे तपासल्याशिवाय कोण सांगणार? निओसियुलस बराकी केरळात नि श्रीलंकेत नारळावर मिळतो; आपल्याकडे काय आहे ते आधी बघू. भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रात एकदा जाऊन या.

आणि पाडेली पुढच्या वेळी माडावर चढला, की त्याला तीन-चार महिन्यांची दोन बोंडं काढायला सांगा. टोपी हलकेच उचला. माझं जुनं भिंग कपाटात, वरच्या खणात आहे. भुकटीसारखं पांढरं, जवळजवळ जागचं न हलणारं दिसलं तर तो शत्रू. त्यांच्यात काही चकचकीत, तुरुतुरु पळणारं दिसलं तर मोजा आणि मला कळवा. तोवर त्या माडावर फवारणी नको.

आई, ते पुण्याचं स्थळ अजून तसंच ठेवलंयस ना? त्याची पत्रिका पाठवू नकोस.

तुमची,
माई