परवान्याचे शुल्क कोणाच्या माथी?

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

वृद्धाश्रमांची नोंदणी सक्तीची करा, ते चालवणाऱ्या व्यवस्थापकांना परवाना लागू करा, अशी मागणी महाराष्ट्रात अधूनमधून होते. मागणी रास्त आहे. पण परवाना आला की शुल्क आले, आणि ते कशाच्या आधारे ठरवायचे यावर कोणी बोलत नाही. अमेरिकेत अशा परवान्याला अर्धशतकाहून अधिक काळ झाला आहे. तिथे शुल्काचे गणित कुठे चुकले, ते आपण आधीच पाहून ठेवलेले बरे.

तिथे अंथरुणाला खिळलेल्या, स्मृतिभ्रंश झालेल्या किंवा शस्त्रक्रियेनंतर सावरणाऱ्या वृद्धांना ठेवून घेणारी सुमारे 15,000 सरकारमान्य नर्सिंग होम आहेत. 1967 साली तिथल्या सामाजिक सुरक्षा कायद्यात दुरुस्ती झाली. राज्याला मेडिकेडचा (गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेचा) केंद्रीय निधी हवा असेल, तर राज्यातले प्रत्येक नर्सिंग होम परवानाधारक व्यवस्थापकाच्या देखरेखीखालीच चालले पाहिजे, अशी अट आली. परवाना राज्याने द्यायचा, अभ्यासक्रम, उमेदवारी (प्रत्यक्ष कामावर शिकण्याचा काळ) आणि शुल्कही राज्यानेच ठरवायचे. मेख पुढे आहे. केंद्राच्या नियमावलीतील 431.715 या कलमानुसार हे काम पाहणाऱ्या राज्याच्या परवाना मंडळाच्या खर्चात केंद्र एक डॉलरचाही वाटा उचलत नाही. हुकूम वरून आणि बिल खालच्यांना, हा प्रकार आपल्याला काही नवा नाही.

मग राज्ये काय करतात? बहुतेक ठिकाणी मंडळाचा खर्च परवानाधारकांकडूनच वसूल होतो. वॉशिंग्टन राज्याच्या कायद्यात तर सरळ लिहिले आहे की, प्रत्येक व्यवसायाच्या परवाना यंत्रणेचा पूर्ण खर्च त्या त्या व्यवसायातील लोकांनीच सोसायचा. परिचारिकांसारख्या मोठ्या व्यवसायात हे निभावते, कारण खर्च वाटून घेणारी डोकी पुष्कळ असतात. नर्सिंग होमचे व्यवस्थापक मात्र लहान राज्यात काही शेच असतात. कल्पनेने हिशेब मांडू. मंडळाचा वार्षिक खर्च 2 लाख डॉलर आणि परवानाधारक 400 असतील, तर माणशी 500 डॉलर पडतात. तोच खर्च 40,000 परिचारिकांत विभागला तर माणशी 5. खर्चही ठरावीक राहत नाही. एकाच व्यवस्थापकाविरुद्धची शिस्तभंगाची सुनावणी लांबली, तर वकील, लघुलेखक आणि साक्षी-पुरावे यांत गंगाजळी आटते आणि पुढच्या फेरीत सगळ्यांचेच शुल्क वाढते. म्हणजे एकाच्या गैरकारभाराचा दंड नियमाने चालणारे भरतात. ज्या रुग्णांसाठी हे सारे उभे केले, त्यांच्या संरक्षणाचा खर्च सर्वसाधारण करातून का होऊ नये, याचे समाधानकारक उत्तर आम्हाला सापडलेले नाही.

मंडळाच्या तक्त्यात दिसणारा आकडा हा एकूण खर्चाचा एक तुकडाच असतो. हे लिहिण्याला कारण आहे. इथून रुग्णालय व्यवस्थापनाची पदवी घेऊन तिकडे गेलेली मराठी मुले-मुली या परवान्याकडे वळतात आणि नेमकी इथेच अडखळतात. अर्जाचे शुल्क वेगळे, परवान्याचे वेगळे. राष्ट्रीय परीक्षेचे दोन भाग, एक सामायिक आणि एक नर्सिंग होमचा. तिचे शुल्क राज्याला नव्हे, तर परीक्षा घेणाऱ्या राष्ट्रीय संस्थेला जाते आणि नापास झाल्यास पुन्हा भरावे लागते. अनेक राज्ये स्वतःच्या कायद्यावर आणखी एक परीक्षा घेतात. बोटांचे ठसे आणि पोलीस पडताळणीचे पैसे निराळे. त्यावर उमेदवारी: कॅलिफोर्निया आणि टेक्सासमध्ये 1,000 तासांची. हे तास अनेकदा कमी पगारावर किंवा बिनपगारी काढावे लागतात, आणि खरा भार तोच असतो.

भारतीय पदवीधरांची अडचण आणखी आधी सुरू होते. परदेशी पदवीचे मूल्यांकन करून घ्यावे लागते, आणि तीन वर्षांचे बी.कॉम. किंवा बी.एस्सी. तिथल्या चार वर्षांच्या पदवीइतके धरायला काही मूल्यांकन संस्था तयार नसतात. पदव्युत्तर पदवी जोडली तर बऱ्याचदा मार्ग निघतो. म्हणून अर्जाचे पैसे भरण्याआधी विषयवार मूल्यांकन करून घ्यावे आणि ते राज्याच्या मंडळाला चालते का, हे लेखी विचारावे, कारण अर्ज नामंजूर झाला तरी अर्जाचे शुल्क सहसा परत मिळत नाही. गुणपत्रके विद्यापीठाकडून मोहोरबंद लिफाफ्यात थेट जावी लागतात. विद्यापीठाच्या खिडकीवर त्याला किती वेळ लागतो, हे वाचकांना सांगायला नको. शिवाय व्यावसायिक परवान्याच्या अर्जात सोशल सिक्युरिटी क्रमांक नोंदवून घेणे राज्यांवर बंधनकारक आहे. जोडीदाराच्या व्हिसावर गेलेल्या अनेकांकडे तो नसतो.

नूतनीकरण बहुतेक राज्यांत दोन वर्षांनी होते. सोबत प्रशिक्षणाचे तास दाखवावे लागतात: कॅलिफोर्नियात 40, पेनसिल्व्हेनियात 48. त्या वर्गांचेही पैसे पडतात. पेनसिल्व्हेनियासारख्या राज्यात सर्वांची मुदत एकाच दिवशी, सम वर्षाच्या 30 जूनला संपते. अशा पद्धतीत मुदतीच्या तोंडावर परवाना घेतला की लगेच नूतनीकरणाचा प्रश्न उभा राहतो, तेव्हा पहिल्या शुल्कात सूट आहे का ते आधी विचारावे. मुदत चुकली तर विलंब शुल्क ही त्यातली लहान गोष्ट. मधल्या काळातले काम विनापरवाना ठरते आणि परवानाधारक व्यवस्थापकाची केंद्राची अट संस्थेकडूनही मोडली जाते. राज्य बदलले तर आधीच्या प्रत्येक राज्याकडून पडताळणी मागवावी लागते आणि तिथेही शुल्क निघू शकते. नोकरीचे बोलणे करताना हे सर्व संस्थेने भरावे असे करारात लिहून घ्यावे. 2018 पासून तिथल्या नोकरदाराला असा खर्च केंद्रीय प्राप्तिकरात वजा मिळत नाही.

आता आपल्याकडे. रुग्णांवर उपचार करणाऱ्या नर्सिंग होमना 1949 च्या कायद्याखाली तीन वर्षांची नोंदणी आहे. नुसते राहणे, जेवण आणि देखभाल देणारा वृद्धाश्रम सहसा धर्मादाय न्यास म्हणून नोंदलेला असतो, आणि त्या नोंदणीत खाटा, कर्मचारी किंवा रात्रपाळी यांची तपासणी होत नाही. पालक आणि ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्यातील कलम 19 जिल्ह्यागणिक किमान 150 निराधार वृद्धांसाठी सरकारी आश्रम असावा असे सांगते. खासगी निवासांच्या नोंदणीची तरतूद 2019 च्या दुरुस्ती विधेयकात होती. ते संमत न होताच 17 व्या लोकसभेबरोबर व्यपगत झाले. उद्या राज्याने स्वतःचा नियम केला, तर शुल्क व्यवस्थापकाच्या खिशातून न घेता संस्थेकडून आणि खाटांच्या संख्येवर घ्यावे. 20 वृद्धांच्या आश्रमावर सरसकट वार्षिक 12,000 रुपये लावले तर माणशी महिना 50 रुपये पडतात. 200 खाटांच्या आलिशान निवासात तेच 5 रुपये होतात.

50 रुपये क्षुल्लक वाटतील. पण नोंदणीकृत धर्मादाय संस्थांच्या वृद्धाश्रमांना जीएसटीतून मिळणारी सूट माणशी महिना 25,000 रुपयांपर्यंतच्या आकारणीलाच आहे. पूर्ण वेळ परिचारिका ठेवणाऱ्या ज्या संस्था आधीच त्या मर्यादेला टेकलेल्या आहेत, त्यांना एवढी वाढही कराच्या कक्षेत ढकलू शकते. तेव्हा शुल्क ठरवणाऱ्यांनी ही मर्यादाही शेजारी ठेवावी. चौकशी आणि सुनावण्यांचा खर्च राज्याच्या अंदाजपत्रकातून व्हावा, आणि मंडळाचा जमाखर्च दरवर्षी संकेतस्थळावर टाकावा.

अमेरिकी नियमावलीतली एक गोष्ट मात्र जशीच्या तशी घेण्याजोगी आहे. व्यवस्थापकाची जागा अचानक रिकामी झाली, तर फार तर सहा महिन्यांचा एकच तात्पुरता परवाना देता येतो, आणि तो वाढवता येत नाही. तालुक्याच्या ठिकाणी पात्र माणूस मिळायला वेळ लागतो. ही सोय नसेल, तर एक राजीनामा आला की आश्रम नियमबाह्य ठरेल आणि तिथल्या वृद्धांना दुसरीकडे हलवण्याची वेळ येईल.

आपले,
वृद्धसेवा क्षेत्रात काम करणारे दोन वाचक, पुणे आणि न्यू जर्सी