बडोद्यातल्या मदतनीसांचे आभार

आईला घेऊन आत्याकडे जायचं म्हटलं की मला पहिली धास्ती वाटते ती दांडिया बाजारातल्या त्या अंधाऱ्या, उभ्या जिन्याची. लहानपणी मी तो दोन-दोन पायऱ्या गाळून चढायचो, पण आईच्या हातात आता वॉकर आहे. खालच्या हार्डवेअरच्या दुकानातल्या पोरांनी आमची घालमेल पाहिली. 'बा, बेसी जाओ' म्हणत त्यांनी आईला दुकानातल्या खुर्चीत बसवलं आणि खुर्चीसकट थेट वर नेलं. वळणावर खुर्ची तिरकी झाली तशी आईने रामरक्षाच सुरू केली! पोरांनी पैशाला हात लावला नाही, आत्याचे बेसनलाडू मात्र जिन्यातच फस्त केले.

मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीतल्या त्या ताईंचेही आभार. सयाजीरावांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून संस्थानभर ग्रंथालयांचं जाळं उभारायला घेतलं, त्याचं हे मुख्य केंद्र. आईचं कॉलेजचं वाचन सगळं इथलं. ताईंनी मराठी पुस्तकांचा गठ्ठा तिच्या टेबलावरच आणून दिला आणि 'निवांत बसा काकू' म्हणाल्या. काकूंनी ते शब्दशः घेतलं. दुपार तिथेच गेली.

आणि समोरच्या बिऱ्हाडातल्या भाभी, तुमचं सेवउसळ फर्मास होतं. तर्री वेगळ्या डब्यात दिलीत म्हणून आईलाही खाता आलं. डबा आत्याकडे ठेवलाय.

गणपतीत पुन्हा येतोय. दुकानातल्या मंडळींनी तयारीत राहावं.