शेवटचे सात सेकंद

प्रिय सुध्या,

तुझं पत्र वाचून आधी हसू आलं, मग वाईट वाटलं. ऑनलाइन लिलावात पाच दिवस तुझीच बोली वर, आणि शेवटच्या सात सेकंदांत कोणीतरी येऊन कॅमेरा उचलला, तोही एका डॉलरने! "आणखी दोन लावले असते तर मिळाला असता," असं तू लिहिलंयस. नसता मिळाला, गड्या.

आपण भरतो तो आपला कमाल आकडा. तो इतरांना दिसत नाही; साइट आपल्या वतीने लागेल तेवढीच बोली चढवत राहते. तुझी मजल ९० पर्यंत, त्याची समजा १३०. त्याला १३० मोजावे लागतच नाहीत; तुझ्यावर एक पायरी, ९१, की झालं. तुला दिसले ते ९१. उरलेले एकोणचाळीस त्याच्या खिशातच राहिले. तू ९२ केले असतेस तर लगेच ९३ झाले असते.

याचं गणित अर्थशास्त्रज्ञ विल्यम विकरी यांनी १९६१मध्ये मांडलं. विजेत्याने दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतकेच मोजायचे असतील, तर आपल्याला वस्तू जेवढ्याची वाटते तेवढाच आकडा गुपचूप लिहावा. मग शेवटपर्यंत दबा धरून कशाला बसायचं? कारण माणसं गणिताप्रमाणे वागत नाहीत. कोणी वर चढलं की चेव येतो, आणि पाच-पाच करत कुठल्या कुठे जातात. (तूही मंगळवारी तेच केलंस, नाही म्हणू नकोस.) सात सेकंदांत चेव यायला फुरसत नसते.

आणखी एक गंमत. ईबे या लिलावाच्या साइटवर लिलाव ठरल्या वेळी संपतो. अ‍ॅमेझॉनही पूर्वी लिलाव करायचं; तिथे शेवटच्या दहा मिनिटांत बोली आली की मुदत वाढायची. रॉथ आणि ऑकनफेल्स या अर्थशास्त्रज्ञांनी २००२मध्ये दाखवलं की उशिराच्या बोली ईबेवर बऱ्याच जास्त येतात. त्यातही संगणकांपेक्षा जुन्या दुर्मिळ वस्तूंवर. जाणकाराने आधीच बोली लावली की वस्तू मोलाची आहे याचा बाकीच्यांना वास लागतो ना!

माझा पराक्रम ऐक. एका लेन्ससाठी नऊ सेकंद उरले असताना ९० टाकायला गेलो आणि थरथरत्या बोटांनी ९०० टाकले. बटण दाबल्यावर आकडा दिसला, काळजात धस्स झालं. लेन्स ७१ला मिळाली, कारण दुसरा ७०वर थांबला होता. तोही माझ्यासारखाच धांदरट असता तर महिनाभर तुझ्याकडेच जेवायला आलो असतो.

तेव्हापासून आकडा आधीच भरून ठेवतो, लॉगिन तपासतो, आणि शेवटी फक्त 'नक्की करा' दाबतो. तेही दहाएक सेकंद हातात ठेवून. नेट ऐन वेळी दगा देतं. आणि १०० न लिहिता १०३.३७ असं काहीतरी लिहितो. बोली सारख्या झाल्या तर आधी लावणारा जिंकतो, आणि गोल आकडे सगळ्यांनाच सुचतात.

तसाच कॅमेरा पुन्हा आलाय, रविवारी रात्री संपतोय. तुझा आकडा आजच कागदावर लिही आणि मला सांगू नकोस, कारण मीही बघतोय.

तुझाच,
बंड्या