कचेरीच्या अंदाजपत्रकात कारागीर कुठे आहे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या तालुक्याच्या जुन्या मामलेदार कचेरीचे 'जतन व दुरुस्ती' होणार ही बातमी आपल्या अंकात वाचून बरे वाटले. बातमीत रक्कम होती, घोषणा कोणी केली ते होते. काम कोणाच्या हातून होणार, ते मात्र नव्हते. मी आयटीआयमध्ये सुतारकामाचा निदेशक म्हणून निवृत्त झालो, त्यामुळे माझी नजर आधी तिथेच जाते.

कचेरी 1906 च्या आधीची, म्हणजे पूर्व खानदेश, पश्चिम खानदेश असे दोन जिल्हे व्हायचे होते आणि कलेक्टर धुळ्याला बसत तेव्हाची. खाली काळा दगड, वर विटांच्या कमानी, सगळे चुन्यात बांधलेले. सागाचा कडीपाट (लाकडी तुळया-फळ्यांचे छत), मंगलोरी कौले. मे महिन्यात बाहेर पारा 45 अंशांवर असताना आमचे स्टॅम्पव्हेंडर काका आतल्या ओसरीत खुशाल डुलकी काढत. नव्या प्रशासकीय इमारतीत ती सोय नाही, एसी बंद पडला की लोक झाडाखाली येऊन बसतात.

पंधराएक वर्षांपूर्वी या कचेरीच्या उत्तरेकडच्या भिंतीची एकदा 'दुरुस्ती' झाली आहे. चुन्याचा गिलावा खरवडून सिमेंटचा मारला. दिसायला गुळगुळीत, फोटोला छान. जुन्या भिंतीत जमिनीतली ओल चढते आणि चुन्यातून ती हळूहळू बाहेर पडते. सिमेंटने तिची वाटच बुजवली. आता गिलावा संपतो तिथे वितभर पांढरा लोणा (क्षार) फुटला आहे. बोट लावले की सांध्यातला चुना पिठासारखा गळतो. कमानीच्या विटांचे पापुद्रे निघत आहेत. शंभर वर्षे काही झाले नव्हते त्या भिंतीला.

शेजारच्या गावी चुन्याचे काम जाणणारे एक वयस्क गवंडी आहेत. मंदिराच्या जीर्णोद्धाराच्या वेळी त्यांचे काम मी चार दिवस पाहत बसलो होतो. चुनकळी (भाजलेल्या चुन्याचे खडे) आधीच विझवून पाण्याखाली ठेवलेली होती. मग चुना मळायच्या बैलघाणीत चुना, वाळू आणि सुरखी, म्हणजे विटांची भुकटी. बैल फिरतोय, हे अधूनमधून गुळाचे पाणी शिंपडतायत. चिमूटभर चुना अंगठा आणि बोटात घोळवायचा, कण लागला की परत घाणीत. ठेकेदाराचा मुलगा सारखा घड्याळ बघत होता. म्हातारबा त्याला एवढेच म्हणाले, "भाऊ, चुनाले घाई चालत नही."

सरकारी दरसूचीत, म्हणजे कामांच्या ठरलेल्या दरांच्या यादीत, मजुरांची विभागणी ढोबळ: कुशल, अर्धकुशल, अकुशल. या माणसाला त्यातल्या कुठल्या रकान्यात बसवणार? कुशल म्हणाल तर फरशी बसवणारा पोरगाही कुशलच, दोघांची रोजी सारखी. वर टेंडर सर्वांत कमी दराचे मंजूर होणार. मग ठेकेदार चुना मुरण्यासाठी महिनाभर थांबेल कशाला?

लाकडाचेही तेच. तुळई सडलीच तर बहुधा भिंतीत गेलेल्या टोकाला सडते, बाकीचा साग खणखणीत असतो. तेवढे टोक कापून त्याच जातीचा साग कुसू (खाचेत बसणारी जीभ) घालून जोडता येतो. हे काम माझ्या हाताखाली शिकलेली पोरे करू शकतात. त्यांतली बरीचशी सध्या मॉड्युलर किचनच्या प्लायवूडला सनमायका चिकटवत आहेत, कारण रंध्याच्या कामाला गिऱ्हाईक नाही. त्यामुळे अख्खा कडीपाट उतरवून स्लॅब टाकण्याची कुजबुज ऐकू येते, तेव्हा पोटात गोळा येतो. उतरवलेला सातपुड्याचा साग कुठे जातो, हे गावात सगळ्यांना ठाऊक असते!

फैजपूर आमच्यापासून फार लांब नाही. 1936 च्या डिसेंबरात तिथे काँग्रेसचे खेड्यातले पहिले अधिवेशन भरले, तेव्हा चित्रकार नंदलाल बोसांनी बांबू आणि आसपास मिळणारे साधे सामान वापरून ते नगर सजवले होते. तिकडच्या शाळांत हे अजून अभिमानाने सांगतात. सांगायला हरकत नाही, पण आज त्याच मुलखातला कारागीर सरकारी कामाच्या फाटकाबाहेर उभा आहे.

माझे मागणे मोठे नाही. आधी एका कमानीवर चुन्याचा नमुना करून घ्या, तो एक पावसाळा बघा आणि मगच पुढचे दर ठरवा. चुन्याचे आणि सागाचे काम मुख्य टेंडरातून वेगळे काढा. आयटीआयच्या गवंडी आणि सुतार ट्रेडची चार-चार मुले तिथे उमेदवारीला ठेवा. वर्गात मी त्यांना फळ्यावर सांधे काढून दाखवत आलो, परांचीवर चढून खरी तुळई दाखवायची संधी मला एकदाही मिळाली नाही.

अंदाजपत्रक अजून मंजूर व्हायचे आहे असे कळते. तोवर कोणी अभियंता त्या गवंडीबाबांना भेटायला तयार असेल, तर मी बरोबर येईन. कचेरीपासून सायकलने अर्ध्या तासाची वाट आहे. सकाळी लवकर गेलेले बरे, दुपारी त्यांना आता नीट दिसत नाही.

आपला,
एक निवृत्त शिल्पनिदेशक,
जि. जळगाव